ओईला काय घेऊ, आणि इंग्लिशचं काय करू?

जून-जुलै आला की आमच्या पत्रपेटीत दुसरा विषयच नसतो. यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रं कॉलेजातल्या इंग्लिशच्या पेपरांवर आणि त्या ओपन इलेक्टिव्हवर, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या निवडीच्या पेपरावर आलीयेत, ज्याला पोरं ओई म्हणतात आणि आईवडील "हे काय नवीन काढलंय" म्हणतात. नावं काढून, थोडी काटछाट करून उत्तरं देतेय. आधी एक सांगून टाकते, आपल्या राज्यात एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं, पण प्रत्येक विद्यापीठानं आपापला तक्ता बनवलाय, काही कॉलेजांनी त्यातही आपलं घातलंय, त्यामुळे कुठल्या सेमला किती क्रेडिट हे तुमच्याच कॉलेजच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघायचं, मावसभावाच्या कॉलेजचं बघून फॉर्म भरायचा नाही.

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. बारावी आर्ट्स, मराठी मीडियम, इंग्लिशला ७१ मार्क. मला बीएला इंग्लिश मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घ्यायचंय पण घरचे म्हणतात तुला झेपणार नाही, हिस्ट्री घे. मला इंग्लिश बोलता येत नाही पण वाचायला खूप आवडतं, गोष्टीची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचते. काय करू? – वाचनवेडी

अगं, बोलता येत नाही ही तुझी अडचणच नाहीये, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. बीए इंग्लिश म्हणजे स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे. पहिल्या वर्षी साधारण गोष्टी, कविता, थोडं भाषेचं आणि उच्चारांचं, मग दुसऱ्या वर्षी नाटक, कविता कशी वाचायची, तिसऱ्याला कादंबरी, समीक्षा, लिंग्विस्टिक्स असा तो सगळा प्रवास वाचण्याचा आणि त्यावर लिहिण्याचा आहे. जी पोरं "इंग्लिश फाडफाड बोलता येईल" म्हणून येतात ती दिवाळीपर्यंत कंटाळलेली असतात, आणि कोपऱ्यात बसून वाचणारी मराठी मीडियमची पोरगी तिसऱ्या वर्षाला वर्गात पुढे असते, हे मी शिकवत असताना इतक्यांदा बघितलंय की आता त्याचं नवल वाटत नाही.

फॉर्मवर इंग्लिश दोन ठिकाणी दिसेल, त्यात गोंधळू नकोस. एक असतं एईसी, म्हणजे पूर्वीचं कंपल्सरी इंग्लिश, ते सगळ्यांनाच असतं, त्यात अर्ज, ईमेल, बायोडेटा, उताऱ्यावरचे प्रश्न वगैरे. आणि दुसरं मेजर, ज्याला जुने लोक अजून स्पेशल इंग्लिश म्हणतात. तुला झेपेल का हे दुसऱ्यावरून ठरवायचं, आणि घरच्यांच्या अंदाजावरून तर नाहीच. तालुक्याच्या कॉलेजात जा, लायब्ररीतून एफवायचं इंग्लिश मेजरचं पुस्तक माग, देत नसतील तर तिथेच बसून वाचते म्हणावं. एक गोष्ट घे आणि पहिल्यांदा डिक्शनरी न उघडता सरळ शेवटपर्यंत वाच. पानाला सात-आठ शब्द अडले तरी चालतील. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात कोण कोणाशी असं का वागलं हे तुला कळलं आणि तुझं काहीतरी मत झालं, तर झेपणार. शब्द सगळे कळले पण मत काहीच झालं नाही तर मात्र विचार कर, कारण परीक्षेत विचारतात ते मतच.

मग मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका बघ. पोरं तिथे एक मोठी चूक करतात, ती म्हणजे गाईडमधली उत्तरं पाठ करणं. पास होता येतं त्यानं, नाही असं नाही, पण तीन वर्षं दुसऱ्याची वाक्यं पाठ करून शेवटी स्वतःचं एक पान लिहिता येत नाही. आठवड्याला दोनशे शब्द स्वतःचे लिही, चुकीचे लिही, कुठल्या तरी मॅडमना दाखव. बहुतेक मॅडम खूश होतात, कारण असं कोणी करतच नाही.

आणि फोनेटिक्सला घाबरू नकोस, सगळे घाबरवतात. तो उलट सगळ्यात न्याय्य पेपर आहे, चिन्हं पाठ, जोर कुठे येतो ते कळलं की मार्क मिळालेच. फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या भागावर, फोटोग्राफर म्हणताना दुसऱ्यावर आणि फोटोग्राफिक म्हणताना तिसऱ्यावर, हे एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं की मजा यायला लागते. तिथे कॉन्व्हेंटवाल्यांना काही फायदा नसतो, त्यांनाही शून्यापासून शिकायला लागतं.

अजून एक. इंडियन रायटिंग इन इंग्लिशचा पेपर आला की तू घरीच असल्यासारखी असशील. अरुण कोलटकरांची जेजुरीवरची कवितांची मालिका मुळात इंग्लिशमधलीच, १९७६ची, तिला १९७७चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं, आणि ती बऱ्याच ठिकाणी अभ्यासाला असते. खंडोबाला जाऊन भंडारा उधळून आलेल्या पोरीला त्यातलं जे पटकन कळेल ते शहरातल्या पोरांना टीपा बघून कळतं. तेंडुलकरांची नाटकंही इंग्लिश अनुवादात शिकवतात. आणि घरी कोणी म्हणालं की इंग्लिश घेतलं की मराठी सुटतं, तर सांग की जी. ए. कुलकर्णी कित्येक वर्षं धारवाडला कॉलेजात इंग्लिश शिकवत होते, विंदा करंदीकर इंग्लिशचे प्राध्यापक, नेमाडेही इंग्लिशच शिकवायचे. सुटलं का मराठी?

आता कडू भाग. "पुढे प्रोफेसर होईन" एवढ्यावर भिस्त ठेवू नकोस. एमए, ५५ टक्के, नेट किंवा सेटची पात्रता परीक्षा हे सगळं करूनही पर्मनंट जागा फार कमी निघतात, कित्येक हुशार पोरं वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या पैशावर शिकवतायत. बीएड करून शाळा, अनुवाद, सबटायटल, कंटेंट, स्पर्धा परीक्षा असे रस्ते आहेत आणि त्यांना चांगलं लिहिणं लागतंच. हिस्ट्री वाईट नाहीये, फक्त ते "इंग्लिश झेपणार नाही" म्हणून घेऊ नकोस. आणि कॉलेजला विचार की मेजर प्रवेशाच्या वेळीच ठरतं का पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन नंतर ठरवता येतं, काही विद्यापीठांत ही सोय आहे, असेल तर दोन्ही घे आणि वर्षभरानं घरच्यांशी मार्कशीट समोर ठेवून बोल.

हाय ताई, मी नाशिकचा, एफवायबीकॉम. ओईच्या लिस्टमध्ये भरपूर नावं आहेत आणि फॉर्म भरायला दोन दिवस. मित्र म्हणतात ज्यात प्रोजेक्ट देऊन मार्क मिळतात ते घे. मला ॲस्ट्रॉनॉमी आवडतं पण दहावीनंतर सायन्स नव्हतं. घेऊ का रिस्क? – बॅलन्सशीटमध्ये अडकलेला

घे रे. ओईचा नियमच असा आहे की तुझ्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचं काहीतरी घ्यायचं, म्हणजे कॉमर्सवाल्याला बँकिंगचाच अजून एक पेपर घेऊन सुटता येत नाही. त्यामुळे हे पेपर बाहेरच्या पोरांसाठीच बनवलेले असतात, निदान असायला हवेत. तरी सिलॅबसची पीडीएफ उघड आणि पहिलं युनिट वाच. सूर्यमाला, नक्षत्रं, दुर्बिणी, खगोलशास्त्राचा इतिहास असं असेल तर डोळे झाकून घे. पहिल्याच युनिटला गोलीय त्रिकोणमिती वगैरे दिसली तर तो पेपर फिजिक्सवाल्या सरांनी फिजिक्सच्याच पोरांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, तिथे तुझे हाल होतील.

पण खरी गोम वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. पेपर कुठल्या सेमला आहे ते बघ. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश दिसतं का? ढग. पहिल्या सेमला ॲस्ट्रॉनॉमी घेतलेली पोरं सगळ्या नक्षत्रांची नावं पीपीटीवर शिकतात आणि परीक्षा झाल्यावर आकाश मोकळं होतं. दुसऱ्या सेमला मिळत असेल तर तेव्हा घे, डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला मृग चढलेला असतो, खाली व्याध, गच्चीवरून सुद्धा दिसतं. शिवाय २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्याच्या आसपास नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथे, आणि तुझ्यासाठी ते नाशिक-पुणे रस्त्यावरच आहे की. कॉलेज नेत नसेल तर चार मित्र मिळून जा.

लिस्टबद्दल पण ऐक. कागदावर भरपूर नावं असतात, प्रत्यक्षात किती पेपर चालतात ते विचार. बऱ्याच कॉलेजांत मेन्यूकार्डवर पन्नास पदार्थ आणि आत फक्त मिसळ, असला प्रकार असतो, कारण किमान पोरं भरली नाहीत तर पेपर बंद होतो आणि उरलेल्यांना जिथे जागा असेल तिथे ढकलतात. म्हणून फॉर्मवर दुसरी आणि तिसरी चॉइस पण मनापासून भर, तिथे कुठलंही टिक करू नकोस, बऱ्याचदा तेच गळ्यात पडतं. मागच्या वर्षी हा पेपर चालला का, कोणी शिकवला, हे सीनियरला विचार. शिक्षक चांगला असेल तर भूगोलाचा पेपर सुद्धा मजेचा होतो, आणि शिक्षक नोट्स वाचून दाखवणारा असेल तर फिल्म स्टडीज पण झोप आणतं.

तासांचा हिशोब कर. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे २ क्रेडिटची थिअरी ३० तासांत संपते पण २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल असेल तर ६० तास लागणार, आणि मार्क बहुतेक ठिकाणी दोन्हीला ५०च. तू सीएचा पण क्लास लावला असशील तर हे आधी बघायला हवं. प्रोजेक्टवाल्या सोप्प्या पेपराचं म्हणशील तर ते मार्क मिळतातही, पण आठवड्याचे दोन तास तिथे हजेरीसाठी बसायचंच आहे ना, मग आवडीच्या ठिकाणी बस.

मॅडम, माझी मुलगी डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजला जाते, एफवायबीएस्सी मायक्रोबायॉलॉजी. तिनं सीसी म्हणून कल्चरल घेतलंय आणि आता नाटकाच्या टीममध्ये पण नाव दिलंय. आम्ही एवढी फी भरून मुलीनं नाटकं करायची का? तिचे बाबा फार चिडलेत. तिला समजवाल का? – एक आई

ताई, तुमच्या मुलीला समजवायला मी चुकीची व्यक्ती आहे, मी तिच्या बाजूनं आहे. पण तुमची काळजी खोटी नाहीये, म्हणून नीट सांगते.

सीसी म्हणजे को-करिक्युलर, एनएसएस, एनसीसी, खेळ, योगा, कल्चरल यातलं काहीतरी घ्यावंच लागतं, साधारण २ क्रेडिट असतात. म्हणजे तिनं ते घेतलंय ते अभ्यास सोडून घेतलेलं नाही, ते अभ्यासातच आहे. नाटकाची टीम मात्र वेगळी गोष्ट. तिला क्रेडिट मिळतीलच असं नाही आणि वेळ मात्र सीसीच्या कितीतरी पट जातो. या दोन गोष्टी घरी एकच समजून भांडण चाललंय असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

मराठी घरात नाटकामुळे पोरं वाया जातात असं म्हणणं म्हणजे जरा गंमतच आहे हो. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, मोहन आगाशे सायकिॲट्रिस्ट, जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, कॉलेजच्या पोरांसाठीच, आणि त्यात उभी राहिलेली बहुतेक पोरं पुढे नट झाली नाहीत, ती बँकेत, लॅबमध्ये, शाळेत गेली, आणि तिथे चार लोकांसमोर न अडखळता बोलतात. मायक्रोबायॉलॉजीवाल्या पोरीला पुढे सेमिनार द्यायचेत, इंटरव्ह्यू द्यायचेत. शिवाय घरापासून लांब, वेगवेगळ्या घरांतल्या पोरांबरोबर एक काम वेळेत उभं करणं ही गोष्ट वर्गात बसून शिकताच येत नाही.

आता तुमच्या बाजूचं. बीएस्सीची प्रॅक्टिकल बुडली की ती भरून काढता येत नाहीत, थिअरीच्या नोट्स मैत्रिणीकडून मिळतात पण कल्चर प्लेट मैत्रीण लावून देत नाही. ७५ टक्के हजेरीचं कलम आहे, टीममध्ये असलेल्यांना कधी सवलत मिळते, कधी नाही, ते लेखी आहे का ते तिला विचारायला सांगा. आणि रात्रीच्या रिहर्सलचं स्पष्ट ठरवा, किती वाजता सुटणार, स्टेशनपर्यंत सोबत कोण, डोंबिवलीला उतरल्यावर कोण. हे तिच्या बाबांनी चिडून विचारलं तर ती खोटं सांगेल, शांतपणे विचारलं तर खरं सांगेल. प्रयोग बघायला मात्र दोघंही जा. बाबांना आधी सांगू नका की तिसऱ्या रांगेत बसायचंय.

नमस्कार, मी छत्रपती संभाजीनगरचा, सेकंड इयर इंजिनिअरिंग. कॉलेजमध्ये प्रोफेशनल कम्युनिकेशनचा पेपर अतिशय बोअर आहे. त्याऐवजी स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून इंग्लिशचा कोर्स केला तर चालेल का? आणि इलेक्टिव्ह म्हणून पण तिथलं काही घेता येईल का?

कंपल्सरी पेपराच्या जागी बहुधा नाही, इलेक्टिव्हच्या जागी बहुधा हो, आणि दोन्हीला कॉलेजची लेखी परवानगी आधी लागते. आधी म्हणजे कोर्स लावण्याच्या आधी. यूजीसीनं स्वयमवरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला परवानगी दिलीय खरी, पण तुमचा कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या परिषदेखाली, वर विद्यापीठाचं वेगळं, वर कॉलेजचं अजून वेगळं, त्यामुळे "यूजीसी देतं" म्हणून भांडून उपयोग नाही, तुमच्या विभागात मान्य कोर्सची यादी लावलेली असते ती बघा.

स्वयमवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांनी बनवलेले, कोर्स फुकट बघता येतात, परीक्षेला १००० रुपये, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची असते, घरी बसून नाही. मार्कांचं गणित २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, पास व्हायला असाइनमेंटमध्ये निदान १० आणि परीक्षेत निदान ३० हवेत. ४ आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २, १२चा ३. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला खातेनंबर, काढला नसेल तर काढून ठेवा, क्रेडिट तिथेच जमा होतात.

आणि त्या बोअर पेपराबद्दल. त्यातला रिपोर्ट लिहिण्याचा आणि ग्रुप डिस्कशनचा भाग प्लेसमेंटला तसाच्या तसा समोर येतो. बाकीचा कम्युनिकेशनचे सात अडथळे वगैरे प्रकार बोअर आहे हे मान्य, मी शिकवलाय, मलाही झोप यायची. त्याच्यावर जास्त वेळ घालवू नका, आदल्या दिवशी वाचलं तरी होतं.

ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा ऑगस्टमध्ये फ्रेशमन होणार, पुढे मेडिकलला जायचं म्हणतोय. हायस्कूलला एपी इंग्लिश लँग्वेजला (कॉलेजच्या पातळीचा कोर्स, परीक्षेला ५ पैकी मार्क) ४ आलेत, त्यामुळे पहिल्या वर्षीचा रायटिंगचा कोर्स तो वगळणार आणि त्या जागी सेलिंग का आर्चरी असलं काहीतरी घेणार म्हणे. आम्हाला दोघांनाही कळत नाहीये हसावं का रडावं. – न्यू जर्सीची आई

हसा. पण रायटिंगचा कोर्स वगळण्याआधी थांबायला सांगा त्याला.

४ला क्रेडिट मिळेल का हे कॉलेजवर आहे. बरीच सरकारी विद्यापीठं ३ला सुद्धा देतात, काही नामांकित खाजगी कॉलेजं ५ मागतात आणि काही तर एपी काहीही असलं तरी पहिल्या वर्षीचं रायटिंग सगळ्यांना करायलाच लावतात. पण मेडिकलचं म्हणत असेल तर मुद्दा वेगळाच होतो. तिथली बरीच मेडिकल कॉलेजं इंग्लिश किंवा रायटिंगचे कोर्स मागतात आणि त्यातली काही एपीचं क्रेडिट त्यासाठी धरत नाहीत, कॉलेजात बसून केलेला कोर्स हवा म्हणतात. आज वगळला तर नंतर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या शेजारी बसून करावा लागेल. त्याच्या प्रीहेल्थ ॲडव्हायजरला विचारून लेखी ईमेल घ्या.

दुसरं म्हणजे, पहिल्या वर्षी बायॉलॉजीच्या लेक्चरला शे-दोनशे पोरं असतात, प्रोफेसरला त्याचं नाव माहीत नसतं. रायटिंगचा वर्ग छोटा असतो, तिथे त्याचा निबंध कोणीतरी खरोखर वाचतं, खुणा करून परत देतं, पुन्हा लिहायला लावतं. आपल्या पोरांना तिथे एक अडचण येते ती भाषेची नसते, ती म्हणजे मत ठामपणे मांडायची, सोर्स कुठून घेतला ते सांगायची आणि कोणाशी तरी लेखी असहमत व्हायची. एपीत ते थोडं आलंय, पुरतं नाही आलेलं. त्या वर्गांना विषय पण वेगवेगळे असतात, खाण्यावर, गुन्ह्यांवर, खेळांवर, तेव्हा "इंग्लिश" म्हणून नाक मुरडण्याआधी यादी वाचायला सांगा.

आणि सेलिंग घेऊ द्या हो! अमेरिकेत हे काही पोरकटपणाचं मानत नाहीत. एमआयटीमध्ये तर आर्चरी, फेन्सिंग, पिस्तूल किंवा रायफल आणि सेलिंग असे चार पीईचे प्रकार पूर्ण केले की चक्क पायरेट सर्टिफिकेट देतात, समुद्री चाच्याचं. तिथलीच पोरं पुढे रॉकेटं बनवतात. फक्त एवढं बघा की त्या कोर्सला ग्रेड आहे का पास-फेल, आणि वीस मैलांवरच्या तलावावर जायला गाडी लागते का. गाडी लागत असेल तर आर्चरी.

मी डिचोली, गोव्याची. एसवायबीए इंग्लिश. मल्टिडिसिप्लिनरीत (तुमच्याकडच्या ओईसारखंच) पोर्तुगीज मिळतंय, आणि दुसरा पर्याय फूड अँड न्यूट्रिशन. आजी म्हणते आता पोर्तुगीज कशाला, ते गेले १९६१ला. फ्रेंच-जर्मन असतं तर नोकरी तरी मिळाली असती. काय घेऊ?

आजीला माझा नमस्कार, पण पोर्तुगीज घे. ते गेले १९६१ला, त्यांचे कागद गेले नाहीत. गोव्यात जमिनीचे, वारशाचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, सिव्हिल कोडचं मूळ १८६७चं पोर्तुगीज, त्यामुळे वकिलांना आणि नोटरींना ते वाचून सांगणारा माणूस लागतो आणि असे लोक दिवसेंदिवस कमी होतायत. तुला इंग्लिश येतंय, मराठी आणि कोकणी घरची, त्यात पोर्तुगीज वाचता आलं तर तुझ्यासारखी अनुवादक शोधायला लोक येतील. एका पेपरानं ते होणार नाही हे पण सांगते, एका पेपरात ओळख, आकडे, क्रियापदांची सुरुवात इतकंच होतं, पुढे गोवा विद्यापीठात त्याचा विभाग आहे, आवडलं तर तिकडे बघ.

हेच मी अलीकडच्या पोरांना मोडीबद्दल सांगत असते आणि ती हसतात. २०२३ला कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरायची वेळ आली होती सरकारवर. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडलेत. ज्यांच्या कॉलेजात ओईला मोडी आहे त्यांनी ती जरूर घ्या. सुरुवातीला सगळी अक्षरं एकसारखी दिसतात, महिनाभरानं घरातल्या जुन्या कागदावरचं पणजोबांचं नाव लागतं, आणि मग तुम्हाला थांबवणं अवघड होतं.

थोडक्यात

*जर्मन ओईला घेतलं तर ए-वन, म्हणजे भाषेची पहिली पातळी, होईल का?* नाही होणार. ३० तासांत नमस्कार-चमत्कार होतात. ए-वन हवं असेल तर मॅक्समुलर भवन किंवा पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला वेगळा कोर्स लाव, ओई फक्त आवडतंय का हे बघायला.

*बारावीला सायकॉलॉजी होतं, ओईला पण तेच घेतलं तर मार्क सोपे ना?* यूजीसीच्या आराखड्यात बारावीला झालेला विषय पुन्हा मल्टिडिसिप्लिनरीत घ्यायला नाही म्हटलंय. तुमच्या कॉलेजनं ते कसं लावलंय ते ऑफिसला विचार. आणि मिळत असलं तरी तीच मानसिक आरोग्याची व्याख्या परत कशाला लिहितोस?

*फिल्मचा ओई चांगला का?* आठवड्याला एक पिक्चर पूर्ण दाखवतात का ते विचार. नुसता सिनेमाचा इतिहास फळ्यावर असेल तर नको. दाखवत असतील आणि नंतर चर्चा असेल तर पहिल्या बाकावर बस.

*ओई चुकीचं घेतलं, बदलता येतं का?* बहुतेक कॉलेजांत लेक्चर सुरू झाल्यावर थोडे दिवस मुभा असते, तारीख नोटीस बोर्डवर असते आणि ती कोणी वाचत नाही. आजच अर्ज लिही, नव्या पेपरच्या सरांची सही घे, ऑफिसात देऊन पोच घे. आणि परीक्षेचा फॉर्म भरताना पेपर कोड नवीनच आलाय ना ते बघ, कारण वर्गात तू मोडी शिकलेला असतोस आणि हॉल तिकिटावर आहारशास्त्र छापून येतं.